भीमेकाठी पोचलेला मुंबईचा रुपया

पाडव्याला वेळापूरला जायचं आणि नव्या वहीच्या पहिल्या पानावर मामांच्या हातून ‘श्री’ काढून घ्यायचा, हा धंद्यात पडल्यापासूनचा माझा नेम. मी डाळिंब परदेशी पाठवते. मामा माळशिरस तालुक्यातल्या शाळांमधून तीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झाले. यंदा वहीबरोबर माझ्या पिशवीत एक जाड फाईल होती. जुनी बुडीत येणी एकदाची काढून टाका, असं हिशेबनीस कधीचे सांगत होते. ‘श्री’ काढून झाल्यावर मामांनी ती फाईल आपणहून ओढून घेतली आणि चष्मा पुसून पहिल्यापासून वाचायला लागले.

२०२३च्या नोव्हेंबरात हुथींनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले, तेव्हाची ती फाईल. जहाजं सुएझची वाट सोडून आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून जायला लागली आणि माझा कंटेनर नेमका त्या वळशात सापडला. फळ दोन आठवडे उशिरा पोचलं. खरेदीदाराने माल खराब निघाला म्हणून निम्मे पैसे कापले. मी त्याला लिहिलं, त्याने जहाजवाल्यांकडे बोट दाखवलं, जहाजवाल्यांनी विमावाल्यांकडे आणि विमावाल्यांनी आपल्या अटींच्या बारीक अक्षरांकडे. सगळ्यांची भाषा अतिशय सभ्य होती. नुकसान मात्र माझ्याकडेच राहिलं.

“जहाज अडलं कुठं म्हणालीस?” मामांनी विचारलं.

“अडलं नाही, वळवलं. बाब-अल-मंदेबच्या वाटेने जाणार होतं.”

मामांनी फाईल मिटली. “अश्रूंचं दार. त्या नावाचा अर्थच तो आहे. १६९५च्या उन्हाळ्यात हेन्री एव्हरी नावाचा इंग्रज चाचा त्याच दारात दबा धरून बसला होता. आणि त्याबद्दलची तक्रार कुठं आली, ठाऊक आहे? आपल्या जिल्ह्यात. मंगळवेढ्याच्या पुढं, भीमेच्या काठावर.”

तिथून आमचं बोलणं सुरू झालं. जेवणं झाली, ऊन कललं, तरी ते संपलं नव्हतं. आमचं एकमत झालं नाही, पण दोघांचंही म्हणणं कागदावर राहावं असं मला वाटलं, म्हणून हे लिहिते आहे.

गोष्ट आधी मामांच्या तोंडून. औरंगजेबाने १६९५च्या मे महिन्यात ब्रह्मपुरीला तळ दिला, गावाला इस्लामपुरी असं नाव दिलं आणि १६९९पर्यंत तिथून हलला नाही. माचणूरच्या सिद्धेश्वराजवळ नदीकाठी जो पडका किल्ला दिसतो, तो त्या छावणीच्या काळातला. साडेचार वर्षं हिंदुस्थानची राजधानी जणू सोलापूर जिल्ह्यात होती. फर्मानं तिथून सुटत होती आणि तक्रारी तिथे येत होत्या.

बादशहाच्या मालकीचं गंज-इ-सवाई हे सुरतेच्या बंदरातलं मोठं जहाज. दरवर्षी कापड आणि हाजी घेऊन ते तांबड्या समुद्रात जायचं, मोखा आणि जेद्दाला माल विकायचं आणि चांदी-सोनं घेऊन परतायचं. त्या वर्षी पंचवीसेक जहाजांचा ताफा रात्रीच्या अंधारात एव्हरीच्या समोरून निसटला. एव्हरीने पाठलाग केला. आधी अब्दुल गफूर या सुरतेच्या सर्वांत बड्या व्यापाऱ्याचं फतेह मुहम्मदी हे जहाज त्याच्या हाती लागलं आणि मग सप्टेंबरात, सुरत काही दिवसांवर आली असताना, गंज-इ-सवाई. जहाजावरची एक तोफ फुटून आपलीच माणसं मेली. कित्येक दिवस लूट चालली होती. हजहून परतणाऱ्या बायकांचे जे हाल झाले ते मामांनी दोन वाक्यांत सांगितले आणि मीही ते इथे लांबवत नाही. खाफीखान या इतिहासकाराने लुटीचा आकडा बावन्न लाख रुपये दिला आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या हिशेबात तो याहून बराच खाली आला.

“येणारच,” मी म्हटलं. “दावा लावणारा आकडा चढा धरतो, ज्याच्यावर दावा येतो तो उतरता. या फाईलमध्येही तेच आहे.”

“पण पुढचं ऐक. सुरतेच्या बातमीदारांनी बादशहाला नुसती बातमी पाठवली नाही. सोबत काही रुपये पाठवले. मुंबईत इंग्रजांनी पाडलेले. त्यांवर त्यांच्या राजाचं नाव होतं.”

मामा हे सांगताना थोडे पुढे झुकले. मलाही तो क्षण दिसला. भीमेकाठच्या तंबूत सत्तरी ओलांडलेला म्हातारा बादशहा, हातात एक चांदीचं नाणं, आणि त्यावर दुसऱ्याच कुणाचं तरी नाव. हुकूम सुटला की सुरतेतल्या इंग्रजांना धरा आणि जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतने मुंबईवर जायची तयारी करावी. सुरतेच्या वखारीचा प्रमुख सॅम्युअल अ‍ॅन्स्ली आणि त्याची माणसं कैदेत पडली. सुरतेच्या बंदराचा अधिकारी इतिमादखान याने आधी पहारा बसवला तो त्यांना शहरातल्या खवळलेल्या लोकांपासून वाचवण्यासाठी, मग तोच पहारा कैदेचा झाला.

इथे आमची पहिली ठिणगी उडाली.

मामा म्हणाले, “माझ्या मते बादशहाचं चुकलं. चोर एव्हरी, आणि बेड्या अ‍ॅन्स्लीला. अ‍ॅन्स्ली लिहितोय की आम्ही व्यापारी आहोत, या चाच्याशी आमचा काही संबंध नाही. आणि ते खरं होतं. कंपनीलाच त्या चाच्याने सर्वांत जास्त बुडवलं. इंग्लंडच्या सरकारने त्याच्यावर पाचशे पौंडांचं इनाम लावलं, कंपनीने ते दुप्पट केलं. पुढच्या वर्षी लंडनला खटला चालला आणि पाच जणांना फाशी झाली.”

“आणि एव्हरी?”

“सापडला नाही.”

“मग मामा, गफूरला काय मिळालं? लंडनच्या फाशीने सुरतेचा तोटा भरून निघत नाही. मला सांगा, एव्हरीने त्याआधी एक पत्र सोडलं होतं ना? तुम्हीच मागे सांगितलं होतं.”

सांगितलं होतं. १६९५च्या फेब्रुवारीत कोमोरो बेटांपैकी जोहाना इथे एव्हरीने एक जाहीर पत्र ठेवलं. ते सगळ्या इंग्रज कप्तानांना उद्देशून होतं. आपण आजवर कुठल्याही इंग्रज किंवा डच जहाजाला हात लावला नाही आणि लावणारही नाही, असं त्याने त्यात लिहिलं होतं. त्या पत्राची वार्ता मुंबईला हल्ल्याच्या कितीतरी आधी पोचली होती आणि मुंबईचा गव्हर्नर सर जॉन गेयर याने ती लंडनला कळवलीही होती.

“झालं तर,” मी म्हटलं. “चोर स्वतः लिहून देतो की मी अमुक घरांना सोडणार. ज्या घरांना सोडणार, त्यांना ते आधीपासून माहीत आहे. मग ज्याचं घर लुटलं गेलं तो कुणाच्या दारात जाईल? गफूर समुद्रावर एव्हरीला शोधत फिरणार नव्हता. सुरतेत जो इंग्रज दिसतो, ज्याची वखार आहे, ज्याचा माल पडून आहे, त्याच्याकडेच तो बोट दाखवणार. मामा, मी हे फाईल वाचून सांगत नाही, भोगून सांगते. माझ्या वेळी खरेदीदार, जहाज, विमा सगळे म्हणाले, दोष समुद्राचा. समुद्राकडून वसुली होत नाही. कुणाला तरी धरून ‘तू भर’ म्हणणारा माझ्या पाठीशी कुणी असता, तर मी त्याला दुवा दिला असता.”

“निरपराधाला धरलं तरी?”

“तो निरपराध आहे की नाही हे मला कसं कळणार? तेच तर म्हणते. खाफीखान त्याच सुमाराला मुंबईला जाऊन आला होता ना? त्याचा तर्क बघा.”

खाफीखानाने लिहून ठेवलं आहे की मुंबईचं उत्पन्न सुपारी आणि नारळांचं, ते दोन-तीन लाखांच्या पुढे जात नाही. व्यापाराचा नफा लोक सांगतात त्याप्रमाणे वीस लाखांहून जास्त नाही. मग एवढी वसाहत चालते कशावर? हाजींची जहाजं लुटून, असा त्याचा निष्कर्ष. मामा म्हणाले, निष्कर्ष चुकीचा आहे. मीही तसंच म्हणते. पण त्याची रीत एखाद्या चांगल्या हिशेबनिसाची आहे. जमा इतकी, खर्च तितका, मधली तफावत कुठून आली ते दाखवा. परक्याची वही हातात नसताना माणूस आणखी काय करू शकतो?

मामांना हे पटलं नाही आणि त्यांनी ते लपवलं नाही. त्यांचा मुद्दा कागदाचा होता. कंपनीच्या पत्रांबद्दल त्यांना खरोखरच आदर आहे. प्रत्येक वखारीत बैठकीची वही असायची. काय ठरलं, कुणी विरोध केला, काय भावाने काय घेतलं, सगळं त्यात उतरायचं. लंडनला जाणाऱ्या पत्राच्या नकला वेगवेगळ्या जहाजांतून पाठवायच्या, म्हणजे एक बुडालं तरी दुसरं पोचेल. अ‍ॅन्स्लीने कैदेतूनही मुंबईला पत्रं लिहिली. “अगं, पायात बेड्या आणि हातात लेखणी. तीनशे वर्षांनी आपण त्या दिवसांबद्दल बोलू शकतो ते या सवयीमुळे. गफूरची जहाजं कंपनीच्या तोडीची होती म्हणतात. त्याची एक वही दाखव मला.”

“नाही दाखवता येणार.”

“मग?”

“मग हेच की गफूरबद्दल तुम्हाला जे माहीत आहे ते कंपनीच्या पत्रांतून, डचांच्या पत्रांतून आणि दरबारी फारसी बखरींतून. फिर्यादीची बाजू तुम्ही आरोपीच्या वकिलाकडून ऐकताय. तो कटकट्या होता, संधी साधून सगळ्या टोपीकरांविरुद्ध, म्हणजे युरोपियनांविरुद्ध, दरबाराचे कान भरत होता, असं ते लिहितात. लिहिणारच. मामा, माझ्या खरेदीदाराची फाईल माझ्यापेक्षा नीट होती. फोटो, तारखा, तापमानाचे आकडे, सगळं जागच्या जागी. पण फाईल नीट असली म्हणजे माणूस खरा ठरत नाही. त्याला रोज आपल्या मालकाला उत्तर द्यावं लागतं, म्हणून तो लिहून ठेवतो. वखारीतल्या माणसाचंही तसंच. हजारो मैलांवरचा मालक, नोकरी जायची भीती. ती पत्रं म्हणजे निम्मी मालकासमोर दिलेली साक्ष. गफूरला कुणाला उत्तर द्यायचं होतं? तो स्वतःच मालक. त्याची वही दिवाळीला मिटायची आणि घरातच राहायची. धंद्यातली माणसं हुंडी फिटली की तिचं काय करतात, तुम्हीच सांगा.”

मामा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “फाडतात.” मला वाटतं त्या दिवशी माझ्या बाजूला पडलेला सर्वांत मोठा शब्द तो होता. मामा तेवढ्यावर थांबणारे नाहीत. ते म्हणाले की म्हणूनच तर भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्था उभ्या राहिल्या, म्हणूनच इतिहासकार राजवाडे घरोघर फिरून दप्तरं गोळा करत होते. ज्यांनी फाडलं नाही त्यांच्या जिवावर आपण आपलं काही सांगू शकतो. आणि त्यांनी उदाहरणादाखल ज्या पत्राचं नाव घेतलं, त्याने आमचं बोलणंच दुसऱ्या वळणावर गेलं.

त्याआधी कंपन्यांच्या आपसातल्या लढाईबद्दल सांगायला हवं, कारण त्यावर आमचं दोघांचं एकमत होतं. १६९५च्या संकटात डच, फ्रेंच आणि इंग्रज एकत्र आले नाहीत. चाच्यांपासून समुद्र मोकळा करू, हाजींच्या जहाजांना सोबत करू, असं डचांनी दरबाराला कळवलं आणि बदल्यात व्यापाराचे खास हक्क मागितले. शेजाऱ्याचं घर जळतंय तर आपली भाकरी भाजून घेऊ, असा तो प्रकार. आणि १६९८नंतर तर इंग्रजांतच दोन कंपन्या झाल्या. नव्या कंपनीने राजाला वीस लाख पौंडांचं कर्ज देऊन सनद मिळवली. तिचा सुरतेतला प्रमुख सर निकोलस वेट याने बादशहाला कळवलं की जुन्या कंपनीचे लोक चाच्यांचे साथीदार आहेत. १६९५मध्ये गफूर जे म्हणत होता, तेच पाच-सहा वर्षांनी एक इंग्रज दुसऱ्या इंग्रजाबद्दल लिहीत होता. १६९५ला मुंबईचा गव्हर्नर असलेला गेयर १७०१मध्ये सुरतेत कैद झाला आणि वर्षानुवर्षं सुटला नाही. त्याच वर्षी नव्या कंपनीचा वकील सर विल्यम नॉरिस पन्हाळ्याच्या वेढ्यात बादशहाला भेटला, नजराणे दिले, आणि चाच्यांपासून संरक्षणाची हमी देता येत नाही म्हणून हात हलवत परतला. पुढच्या वर्षी तो समुद्रावरच वारला.

सोलापूर भागातले दोन निर्यातदार एकाच परदेशी खरेदीदाराला एकमेकांच्या मालाबद्दल काय काय लिहितात, ते मी पाहिलेलं आहे. दोघांचाही भाव पडतो. इतकंच सांगून मी ते सोडते.

आता ते पत्र. शिवाजी महाराजांनी ७ डिसेंबर १६७१ला कुडाळचे सुभेदार नरहरी आनंदराव यांना लिहिलेलं. विषय मीठ. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या बारदेशात मीठ स्वस्त मिळायला लागलं होतं. घाटावरून उतरणारे व्यापारी तिकडेच वळले, तर संगमेश्वराकडचं मीठ पडून राहील, आपली बंदरं ओस पडतील आणि जकात बुडेल. म्हणून बारदेशच्या मिठावर अशी जबर जकात बसवा की ते संगमेश्वरच्या मिठापेक्षा महाग पडावं.

“यात बघ,” मामा म्हणाले, “पोर्तुगीजांना एक ओळ लिहिलेली नाही. तुमचं मीठ महाग करा, अशी विनंती नाही, धमकी नाही. पत्र गेलं ते आपल्याच सुभेदाराला. जे आपल्या हातात आहे, म्हणजे घाटाची वाट आणि जकातीचं नाकं, तेवढंच वापरलं. आणि पंचवीसेक वर्षांनी ब्रह्मपुरीचा बादशहा काय करतो? त्याच्या हातात समुद्र नाही. तरी तो समुद्राचा मुचलका लिहून घेतो.”

मुचलका हा शब्द आमच्याकडे पोलीस ठाण्यात आणि तहसीलमध्ये अजून चालतो, तोच हा. शतक संपता संपता बादशहाने डच, इंग्रज आणि फ्रेंच कंपन्यांकडून तसे मुचलके लिहून घेतले. चाच्यांनी लुटलं तर भरपाई तुमची. समुद्र वाटून दिला. डचांनी तांबडा समुद्र राखायचा आणि हाजींना सोबत करायची, दक्षिणेकडचं पाणी इंग्रजांचं, इराणचं आखात फ्रेंचांचं.

मामांचं म्हणणं असं की ही हार होती. आपल्या प्रजेचं जहाज राखायला परक्याला नेमायचं आणि कागदावर अंगठा घ्यायचा. ज्याच्याकडे गलबतं आहेत तोच समुद्रावरचा फौजदार झाला, आणि ते बादशहाने स्वतःच्या हाताने लिहून दिलं. तेही कुठल्या घडीला? सुरतेची पत्रं येत होती त्याच नोव्हेंबरात संताजी घोरपड्यांनी दोड्डेरीला मुघल सरदार कासिमखानाला कोंडून संपवलं, जानेवारीत हिंमतखान पडला. छत्रपती राजाराम जिंजीला होते. मुंबईवर पाठवायला फौज आणणार कुठून? भीमेच्या काठाने दोन्हीकडून वाईट बातम्या येत होत्या आणि बादशहाकडे दोन्हीवर उत्तर कागदाचंच होतं.

मी म्हटलं, “मामा, तुम्ही मुचलक्याला कमी लेखता. १६९०ला काय झालं होतं? कंपनीने बादशहाशी लढाई काढली, सिद्दीने मुंबई वेढली, आणि शेवटी कंपनीचे वकील दरबारात जाऊन माफी मागून दीड लाख दंड भरून आले. म्हणजे जमिनीवरची पकड खरी होती. सुरतेची वखार, तिथलं कापड, तिथली उधारी, यांच्याशिवाय कंपनीला एक दिवस जगता येत नव्हतं. त्या पकडीवर मुचलका लिहून घेणं म्हणजे मूर्खपणा नव्हे. आज मी परदेशी माल पाठवताना बँकेची हमी मागते. माझ्याकडे जहाज नाही, नौदल नाही, परक्या देशात माझं पोलीस ठाणं नाही. हमीचा कागद सोडला तर माझ्याकडे दुसरं काय आहे? जहाज नसलेल्या माणसाचं हत्यार कागदच असतं. बादशहाने ते वापरलं, आणि १६९६ला वखारी उघडल्या त्या सोबतीचं कबूल झाल्यावर.”

“आणि मिठाचं?”

“मिठाचं पत्र मला आवडतं. पण एक विचारते. घाटावर मीठ कोण खात होतं? वाटेत जकातनाकं, मग बैलांच्या पाठीवरून इथवर. संगमेश्वरचा मिठागरवाला तरला, राज्याची जकात तरली. देशावरच्या घरातली चूल मात्र महाग मिठावर चालली. व्यापारी संरक्षणाची किंमत नेहमी तिसराच कुणी भरतो, आणि त्याचं पत्र कुठल्याच दप्तरात नसतं.”

मामांनी यावर मान हलवली, पण ती होकाराची होती की नुसती ऐकल्याची, हे मला सांगता येणार नाही. ते रामचंद्रपंत अमात्यांकडे वळले. हे वळण मला अपेक्षित होतं, कारण आज्ञापत्र हा मामांचा जिव्हाळ्याचा ग्रंथ. औरंगजेब ब्रह्मपुरीला बसलेला असताना पन्हाळा-विशाळगडाच्या मुलखातून अमात्य मराठी राज्य सांभाळत होते. पुढे वीसेक वर्षांनी त्यांनी आज्ञापत्रात सावकारांवर आणि टोपीकरांवर लिहिलं. सावकार म्हणजे राज्याची शोभा, त्यांना जपावं, परमुलखातून आणून वसवावं. टोपीकरही व्यापार करतात, पण त्यांना बाकीच्या व्यापाऱ्यांत धरू नये. त्यांच्या प्रत्येकाच्या मागे एक राजा आहे, आणि राजाला भूमीचा लोभ नाही असं होत नाही. त्यांना वखारीला जागा द्यायचीच तर समुद्राच्या तोंडावर देऊ नये, आत, वस्तीत, सखल जागी द्यावी, पक्कं बांधकाम करू देऊ नये.

“मुंबईचा रुपया बादशहाच्याही हातात होता,” मामा म्हणाले. “त्यालाही राग आला. पण राग कशाचा? माझ्या मुलखात दुसऱ्याचं नाव, या बेअदबीचा. इंग्रजांनी खाफीखानाला उत्तर दिलं की इकडची नाणी वजनाला कमी भरतात, देवघेवीत तंटे होतात, म्हणून आमच्या बेटापुरतं आम्ही आमचं नाणं पाडलं. आणि प्रकरण तिथेच मिटलं. अमात्यांनी तो रुपया पाहिला असता तर ते म्हणाले असते, वजनाचं सोडा, मागचा राजा दाखवा.”

हे मामांचं बोलणं मला आतून हलवून गेलं. तरीही माझा आक्षेप राहतोच. वखार आत, समुद्रापासून चार गावं दूर ठेवायची, तर माल वाहून नेण्याचा खर्च कुणावर? व्यापारी बंदराशिवाय जगत नाही. वेळापूरहून न्हावा शेवापर्यंत फळ नेताना जेवढा जीव जातो, तेवढा पुढच्या समुद्रात जात नाही. मला वाटतं आपलं दुखणं टोपीकर बंदरात बसले हे नव्हतं. आपले गफूर आणि त्यांची जहाजं राखणारं आपलं कुणी समुद्रावर नव्हतं, हे होतं. मामा म्हणाले, “अगं, मीही सकाळपासून तेच म्हणतोय.” मी म्हटलं, “नाही मामा, तुम्ही म्हणता बादशहाने मुचलका घ्यायला नको होता. मी म्हणते मुचलक्यासोबत तारवंही हवी होती.” हा फरक त्यांना लहान वाटतो. मला वाटत नाही.

संध्याकाळी आम्ही अर्धनारीनटेश्वराच्या देवळात गेलो. पाडव्याची गर्दी होती, पण शिलालेखाजवळ कुणी नव्हतं. यादव राजा रामचंद्राच्या काळातली ती अक्षरं, तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सांध्यावरची. मामा लहानपणी आम्हाला तिथे नेऊन एकेक अक्षर बोटाने गिरवायला लावायचे. दगडावरचा मजकूर यच्चयावत लोकांनी वाचावा म्हणून कोरलेला असतो. पत्र एकासाठी असतं, आणि ज्याच्यासाठी असतं त्याने ते ठेवलं तरच उरतं.

परतताना मी विचारलं, “सुरतेहून ब्रह्मपुरीपर्यंत तो रुपया आला कसा असेल?”

“कासिदाबरोबर. पत्राच्या थैलीत बांधून. खानदेश उतरून, गोदावरी ओलांडून, सीना की भीमा कुठल्या काठाने ते सांगता येत नाही.”

“मराठ्यांच्या टोळ्या फिरत होत्या, त्यांतून?”

“त्यांतूनच.”

“त्याचं नाव?”

मामा थांबले. पालखीतळाकडून वाऱ्याबरोबर फटाक्यांचा वास येत होता. “अ‍ॅन्स्लीचं आहे,” ते म्हणाले, “इतिमादखानाचं आहे, गफूरचं आहे. एव्हरीच्या फाशी गेलेल्या माणसांचीसुद्धा आहेत.” मग त्यांनी माझ्या हातातली नवी वही मागून घेतली, दिव्याखाली धरली, आणि ‘श्री’च्या खाली माझ्या ट्रकवाल्याचं, जो गेली सहा वर्षं माझं फळ न्हावा शेवाला नेतो, त्याचं नाव काय, असं मला विचारलं.